एसीएलच्या ऑपरेशनला जादा आधार द्यावा का? लेक १७ वर्षांची, कबड्डीची चढाईपटू (ठाणे)

घोडबंदरवासी
२३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचायलाच येतो, आज विचारायला आलोय.

लेक १७ वर्षांची, बारावीला आहे. सातवीपासून कबड्डी खेळते, संघात चढाईला असते. २ नोव्हेंबरला सरावात बोनस घेऊन मागे फिरताना उजवा पाय मॅटवर रुतला आणि अंग तेवढं वळलं. कुणी हातही लावला नव्हता. 'टक्' आवाज आला, तो कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीनेही ऐकला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या मध्यातलं, हाडाला हाड बांधणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेलं, शिवाय आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) मागच्या टोकाला फाटलेली.

तीन डॉक्टरांना दाखवून झालं. ठाण्यातले पहिले म्हणाले, मांडीच्या मागच्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या; हॅमस्ट्रिंग म्हणतात) काढून नवं लिगामेंट करू आणि त्याच वेळी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने एक पट्टी वळवून शिवू. त्याला त्यांनी एलईटी म्हटलं. वाशीतले दुसरे म्हणाले, एलईटी कशाला, नव्या लिगामेंटच्या जोडीने आतून टेप टाकू, इंटर्नल ब्रेस. तिसऱ्यांचं मत, दोन्ही नको, मूळ काम चोख झालं की पुरे. तिघेही अनुभवी, तिघांनीही वेळ दिला. घरी येऊन फाईल उघडली तेव्हा लक्षात आलं की 'का' हे मी एकालाही विचारलं नाही.

ती रोज विचारते, "बाबा, मी परत खेळेन ना?" तिला खरं उत्तर द्यायचंय. ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांचं हे काम आहे, त्यांनी कृपया लिहा.

मध्यरेषा
२३ नोव्हेंबर, रात्री ११.१५

दादा, वाचून पोटात गलबललं. मी कळव्याचा. १९ व्या वर्षी डावा गुडघा, तुमच्या लेकीसारखाच, वळताना. हॅमस्ट्रिंगचं साधं ऑपरेशन झालं. सहाव्या महिन्यात गुडघा अजिबात दुखत नव्हता, सूज नव्हती, म्हणून मॅटवर उतरलो. आठव्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत घोट्याची पकड झाली, मी सुटायला वळलो आणि तोच आवाज.

दुसऱ्या वेळी वाटीखालच्या शिरेचा ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा) घेतला आणि बाहेरून एलईटीही केली. त्याला पाच वर्षं झाली. खेळतोय, आता कोपऱ्यात. बाहेरच्या बाजूला लांबट व्रण आहे आणि थंडीत तिथे ताण जाणवतो, बाकी काही नाही.

पण एलईटीने मला वाचवलं असं मी छातीठोक सांगणार नाही. दुसऱ्या वेळी मी ११ महिने थांबलो होतो. कशाचा वाटा किती, हे माझ्या एका गुडघ्यावरून कसं कळणार?

अस्थिमित्र
२४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे, ठाणे-मुलुंड पट्ट्यात काम करतो. पेशंट न तपासता 'हे करा' असं सांगणार नाही, पण तीन मतं का पडतात ते सांगतो. तुमचे तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

एसीएल गुडघ्याच्या ऐन मध्यात असतं. त्याला दोन कामं. नडगीचं हाड पुढे सरकू द्यायचं नाही, आणि ते आतल्या अंगाला वळू द्यायचं नाही. पहिलं काम नवा ग्राफ्ट बऱ्यापैकी करतो. दुसऱ्यात तो कमी पडतो, कारण तो वळण्याच्या आसाला फार जवळ आहे. जातं आठवा. फिरणारी तळी मधल्या खिळीला धरून थांबवायची म्हटली तर हाताची सालटी निघतील. तीच कडेच्या खुंट्याला धरून पोरही थांबवतं. एलईटी म्हणजे कडेचा खुंटा धरणं.

करतात असं. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक रुंद चिवट पट्टा येतो, त्याला आयटी बँड म्हणतात. त्यातली साधारण १ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर लांब पट्टी सोडवायची. तिचं खालचं टोक नडगीच्या हाडावर मुळात चिकटलेलं असतं, ते तसंच ठेवायचं. मोकळं टोक बाहेरच्या लिगामेंटच्या खालून ओवून मांडीच्या हाडावर स्टेपल किंवा अँकरने बसवायचं. त्या वेळी गुडघा ६० ते ७० अंशांत वाकवलेला आणि पाऊल सरळ हवं. पाऊल बाहेर वळवून, पट्टी खेचून बसवली तर गुडघा जखडतो. शिवाय मांडीच्या हाडात एसीएलचा बोगदा आधीच पाडलेला असतो, त्याला अँकर भिडू नये म्हणून दिशा सांभाळावी लागते. हात बसलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटांचं जादा काम आहे.

आता मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात. तिची कोपरं आणि गुडघे सरळ रेषेच्या मागे जातात का? अंगठा मनगटाकडे वाकवला तर हाताला टेकतो का? तपासताना कुणी 'पिव्हट शिफ्ट' (पाय वळवून गुडघा किती सटकतो ते बघायची चाचणी) हा शब्द वापरला का? आणि तिची अंगकाठी कशी आहे?

घोडबंदरवासी
२४ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

डॉक्टर, लोकलमध्ये उभ्याने लिहितोय, पण लगेच लिहितो. अंगठा दोन्ही हातांचा टेकतो. कोपरं मागे जातात, लहानपणी शाळेत करून दाखवायची. गुडघेही उभी असताना मागे गेलेले दिसतात, आम्हाला ती तिची उभं राहायची ढब वाटायची. काठी सडपातळ, वजन ४८. ठाण्याच्या डॉक्टरांच्या कागदावर 'पिव्हट शिफ्ट ग्रेड २' लिहिलंय, बाकी दोघांच्या नाही. त्या दिवशी ती दुखण्याने पाय घट्ट धरून होती.

अस्थिमित्र
२४ नोव्हेंबर, दुपारी २.३०

म्हणजे पहिल्या डॉक्टरांना जे दिसलं ते बाकीच्यांना तपासायला मिळालंच नसेल. पेशंटने स्नायू आवळले की पिव्हट शिफ्ट लागत नाही. भूल दिल्यावर ती खरी कळते.

तुम्ही सांगितलेली लवचीकता मोजायची ९ गुणांची पद्धत आहे, बेटन स्कोअर. करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे यांचे प्रत्येकी दोन आणि खाली वाकून तळवे जमिनीला टेकवण्याचा एक. तिचे अंगठे, कोपरं, गुडघे धरले तरी ६ होतात.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. कॅनडा आणि युरोपातल्या ९ केंद्रांनी मिळून एक मोठी चाचणी केली, नाव 'स्टॅबिलिटी', निकाल २०२० साली आले. ६१८ पेशंट, सगळे २५ वर्षांपर्यंतचे. निवडताना तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागत: झटक्यात वळण्याचा स्पर्धात्मक खेळ, पिव्हट शिफ्ट ग्रेड २ किंवा जास्त, आणि सैल सांधे किंवा मागे जाणारा गुडघा. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एकात फक्त हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, दुसऱ्यात तोच ग्राफ्ट आणि एलईटी. दोन वर्षांत पहिल्या गटात ग्राफ्ट तुटायचं प्रमाण ११ टक्के, दुसऱ्यात ४ टक्के. तुटणं आणि वळताना सैल राहणं एकत्र धरलं तर ४० टक्के आणि २५ टक्के.

दादा, तुमच्या लेकीत तिन्ही गोष्टी आहेत.

आकड्याची दुसरी बाजूही बघा. ११ चे ४ म्हणजे शंभरात सात जण वाचले, म्हणजे साधारण १४ जणांना एलईटी केली तेव्हा एकाचा ग्राफ्ट वाचला. उरलेल्या तेरांना व्रण मिळाला, पहिले काही महिने दुखणं थोडं जास्त आणि मांडीची ताकद यायला उशीर. वर्षभरात हा फरक भरून आला. चाळिशीतला माणूस सकाळी मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारतो, त्याला मी ही पट्टी घालणार नाही. १७ वर्षांच्या, सैल सांध्यांच्या चढाईपटूची गोष्ट वेगळी.

आणि ४८ किलो म्हणालात म्हणून आणखी एक. सडपातळ मुलींच्या हॅमस्ट्रिंग शिरा बारीक निघतात. चौपदरी करूनही ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर पुन्हा तुटायचा धोका वाढतो. 'कमी भरला तर काय कराल?' हे आधीच विचारून ठेवा. कुणी पदर वाढवतात, कुणी मांडीच्या पुढची क्वाड्रिसेप्सची शीर घेतात.

पारसिक_टेकडी
२४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मी डॉक्टर नाही, पॉलिमरमधला अभियंता आहे. बायकोच्या गुडघ्याच्या वेळी या टेपमागे महिनाभर लागलो होतो, म्हणून त्याबद्दल लिहितो.

ही टेप म्हणजे फार लांब साखळ्यांच्या पॉलिएथिलीनची विणलेली चपटी नाडी. त्याच कुळातले धागे जहाजांच्या दोरांत आणि गोळीरोधक जाकिटांत वापरतात. ती ग्राफ्टच्या बाजूने बोगद्यांतून जाते, पण तिचं टोक ग्राफ्टपासून वेगळं बसवतात. कल्पना अशी की रोजचा भार ग्राफ्टने घ्यावा आणि अचानक मोठा झटका आला तरच टेप ताणली जावी.

आपल्या ठाण्याच्या माणसाला हे लगेच कळेल. दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावरच्या गोविंदाला कमरेला दोर बांधलेला असतो. तो दोर थर उभे करत नाही, पडला तर झेलतो. तोच वरून ताणून धरला तर पोराचं वजन थरावर येणारच नाही. टेपचंही तसंच. घट्ट बसली तर सगळा भार तीच घेते, आणि ज्या ग्राफ्टला भार मिळत नाही तो ताकद धरत नाही. म्हणून गुडघा पूर्ण सरळ ठेवून, ग्राफ्टपेक्षा किंचित सैल बसवतात.

प्रयोगशाळेत यंत्रावर ओढून बघितलं की टेपवाला ग्राफ्ट कमी लांबतो आणि जास्त भार सोसतो, हे पक्कं आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र बहुतेक लहान किंवा मागे वळून नोंदी तपासणारे आहेत. 'स्टॅबिलिटी'च्या तोडीचा पुरावा टेपच्या मागे उभा नाही. आणि टेप मध्यातच बसते. डॉक्टरांच्या भाषेत ती खिळीलाच जादा आवळते, खुंट्याला हात लावत नाही.

इतिहास वाचला तेव्हा मी सावध झालो, तोही सांगतो. १९७० आणि ८० च्या दशकांत कार्बन तंतू, डॅक्रॉन, गोर-टेक्स यांची अख्खी कृत्रिम लिगामेंट बसवली गेली. दोन-चार वर्षं गुडघे झकास चालले. मग धागे झिजले, त्यांचे कण सांध्यात उतरले, गुडघे सुजत राहिले, लिगामेंट तुटली. शरीरातली शीर रोज स्वतःची डागडुजी करते, नायलॉन-पॉलिएथिलीन करत नाही. आजची टेप बारीक आहे आणि एकटी भार घेत नाही, त्यामुळे तिला त्याच पारड्यात टाकणं अन्याय होईल. तरी १७ वर्षांच्या मुलीला हा गुडघा पुढे साठ वर्षं वापरायचाय.

बाहेरच्या बाजूची गोष्टही जुनीच आहे. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८७९ साली गुडघ्याच्या बाहेरच्या पुढच्या अंगाला मोत्यासारखी चमकणारी चिवट पट्टी असल्याचं लिहून ठेवलं. मार्सेल लमेअरने १९६७ साली आयटी बँडची पट्टी वळवायची रीत मांडली, आजची एलईटी तिचंच सुधारलेलं रूप. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि १९८० च्या दशकाअखेर ही रीत मागे पडली. तेव्हा ती बरेचदा एसीएल न करता एकटीच करत, वर कित्येक आठवडे प्लास्टर, त्यामुळे गुडघे आखडत. २०१३ साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी सेगाँच्या पट्टीचं पुन्हा नीट वर्णन केलं, तिला एएलएल म्हणतात, आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा बाहेरच्या बाजूला गेलं.

अस्थिमित्र
२४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

फार चांगलं लिहिलंत. एकच भर. काही शल्यचिकित्सक आयटी बँड न वळवता वेगळ्या शिरेने एएलएलच नव्याने करतात. फ्रान्समधल्या लियाँच्या गटाने २०१७ साली ५०२ तरुण खेळाडूंचे निकाल दिले. नुसतं हॅमस्ट्रिंग असलेल्यांत १०.८ टक्के ग्राफ्ट तुटले, वाटीखालच्या शिरेच्या ग्राफ्टमध्ये १६.८, आणि हॅमस्ट्रिंगच्या जोडीला एएलएल केलेल्यांत ४.१. त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे वजन थोडं कमी. पण दोन वेगळ्या रीतींचं उत्तर एकाच दिशेला जातंय.

कोपरखैरणेकर
२५ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

विषय थोडा बाजूला नेतोय, पण उपयोगी पडेल. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात झालं. टेप टाकलीय हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी बिलावरून कळलं. विम्याने ती रक्कम कापली, खिशातून भरावी लागली. टेपमुळे भावाचं वाईट झालेलं नाही, तो बरा आहे. पण भावाच्या शरीरात काय जातंय हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. त्याचा सल अजून आहे.

म्हणून सांगतो. आत काय काय बसवणार, त्याची नावं आणि किंमती लेखी घ्या. बटण, स्क्रू, अँकर, टेप, सगळं. विमा कंपनीला तीच यादी आधी पाठवा. ऑपरेशननंतर प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावरचं स्टिकर फाईलमध्ये लावून मागा. आणि २०१७ ला सरकारने गुडघ्याच्या किंमतींवर मर्यादा आणली ती सांधेबदलीच्या गुडघ्यांसाठी, लिगामेंटच्या सामानासाठी नाही. माझा तोच गोंधळ झाला होता.

उपवनकर
२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

मी वेगळं बोलतो. माझं एसीएल ४४ व्या वर्षी येऊरच्या उतारावर गेलं. ऑपरेशन केलंच नाही. आठ महिने व्यायाम केला. आज ५१ वर्षांचा आहे, रोज उपवनला चालतो, जिने चढतो, गुडघा सटकत नाही. स्वीडनमध्येही असा अभ्यास झालाय, २०१० मध्ये आला, आधी व्यायाम देऊन थांबलेले लोक लगेच ऑपरेशन केलेल्यांइतकेच बरे होते. एवढ्या लहान मुलीच्या गुडघ्यात सुरी घालायची घाई का?

नेरूळची_फिजिओ
२५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

उपवनकर काका, तुम्ही आठ महिने नेटाने व्यायाम केलात याचं मला मनापासून कौतुक वाटतं, दहातले दोन करतात. तो अभ्यास मलाही माहीत आहे. त्यात १२१ प्रौढ होते, आणि व्यायाम देऊन थांबवलेल्यांपैकी निम्म्यांनी पाच वर्षांत शेवटी ऑपरेशन करून घेतलंच. उरलेल्या निम्म्यांना लागलं नाही, हेही तितकंच खरं. सरळ रेषेत चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसासाठी तुमचा रस्ता उत्तम आहे.

पण चढाईपटूचं पोट झटक्यात वळण्यावर चालतं. आणि या मुलीची गादीही फाटलीय. सैल गुडघा दर वेळी सटकला की ती गादी आणखी चिरडते. १७ व्या वर्षी शिवून वाचवता येणारी गादी २० व्या वर्षी कापून टाकावी लागली तर पुढे गुडघ्याची झीज लवकर येते. मला तिच्या लिगामेंटपेक्षा गादीची काळजी जास्त वाटते.

घोडबंदरवासी दादा, ऑपरेशन कुठलंही ठरो, तिचा व्यायाम आजपासून सुरू करा. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो पुढे आणखी आखडतो. टाचेखाली उशी देऊन गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणं, झोपून सरळ पाय उचलणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं. गुडघा पूर्ण सरळ होतो, सूज उतरली आणि लंगडत नाही, अशी झाली की तारीख घ्या.

वाशीची_मावशी
२६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

सगळे गुडघ्याचं बोलताहेत, मी परीक्षेचं बोलते. बारावीचे पेपर फेब्रुवारीत. माझ्या भाचीचं डिसेंबरात झालं होतं. आम्ही कॉलेजात अर्ज दिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि तळमजल्यावरची खोली मागून घेतली. तीन तास पाय खाली लोंबकळला की सुजतो, म्हणून पुढे छोटं स्टूल ठेवायची परवानगीही त्याच पत्रात लिहून घ्या. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्ची आत्ताच आणा, त्या दिवशी धावपळ होते. आणि तिच्यासमोर 'कबड्डीमुळेच झालं' असं घरात कुणीही बोलू नका. आमच्याकडे बोलले गेले, पोर महिनाभर मिटून गेली.

घोडबंदरवासी
१ डिसेंबर, रात्री ११.००

मावशी, शेवटच्या ओळीसाठी खास आभार. तिची आजी रोज हेच म्हणत होती. आज मी आजीशी बोललो.

काल ठाण्याच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो, या वेळी वहीत प्रश्न लिहून. तिलाही आत घेऊन बसलो, कारण गुडघा तिचा आहे. ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर? म्हणाले, चारऐवजी पाच पदर करता येतात, ते जमलं नाही तर क्वाड्रिसेप्स घेईन, संमतीपत्रात दोन्ही लिहितो. टेप का नको? म्हणाले, ग्राफ्ट फारच बारीक निघाला तर मी टेपचा विचार करतो, पण हिचा मुख्य दोष वळण्यातला आहे आणि त्याला पट्टीच लागते. एलईटी नक्की का? म्हणाले, भूल दिल्यावर पुन्हा तपासणार, पिव्हट शिफ्ट खरंच तेवढी असेल तरच करणार. नडगीच्या हाडाचा उतारही त्यांनी एक्स-रेवर मोजून दाखवला, १२ अंशांपेक्षा जास्त असता तर ग्राफ्टवर ताण वाढला असता, हिचा ९ आहे.

तिने स्वतः एकच प्रश्न विचारला, "मी डाव्या पायावर वळायला शिकू का?" डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, दोन्ही पायांवर वळायला शीक.

घोडबंदरवासी
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

१८ तारखेला ऑपरेशन झालं. भुलीत पिव्हट शिफ्ट ग्रेड ३ निघाली. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट पाच पदरी करून ८.५ मिलिमीटर भरला. गादी शिवली, चार टाके. बाहेरून एलईटी. टेप नाही. स्टिकरं फाईलमध्ये आहेत, कोपरखैरणेकर. वाकवायला सहा आठवडे ९० अंशांची मर्यादा, ती गादीच्या टाक्यांसाठी.

दुखतंय ते आतल्यापेक्षा बाहेरच्या अंगाला जास्त. तिथे काळंनिळं पडलंय. हे अपेक्षित आहे का?

अस्थिमित्र
२१ डिसेंबर, रात्री ९.४०

हो, एलईटीत बाहेरच्या बाजूला रक्त साकळतं, बर्फ आणि पाय उंच. पोटरी कडक होऊन दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर मात्र वाट न बघता त्यांना फोन करा.

नेरूळची_फिजिओ
२२ डिसेंबर, सकाळी ७.३०

जिन्याचं लक्षात ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. ठाणे स्टेशनचे पूल सध्या टाळाच.

आणि आता तिला समजावायचं सगळ्यात अवघड काम. ग्राफ्ट म्हणजे रक्तपुरवठ्यापासून तोडून आणलेली शीर. आत बसल्यावर तिच्यातल्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू ती लिगामेंटसारखी होते. याला वर्ष-दीड वर्ष लागतं. ती सगळ्यात कच्ची असते साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. एलईटी ग्राफ्टवरचा थोडा ताण कमी करते, हे दिवस कमी करत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या गटाने २०१६ साली दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं दर महिन्याने लांबवलं तसा पुन्हा दुखापतीचा दर निम्म्याने उतरत गेला.

माझ्याकडे सहाव्या महिन्यात 'सोडा मला' म्हणणारी मुलं दर आठवड्याला येतात. नऊ महिने पुरे होऊनही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के नसेल आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या तितक्याच नसतील, तर मी सोडत नाही.

मध्यरेषा
२२ डिसेंबर, सकाळी ८.१०

ताईंचं हे माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर. दादा, सातव्या महिन्यात तिला माझ्याशी बोलायला लावा. घरच्यांचं ऐकलं जात नाही, मोडून परत जोडलेल्या खेळाडूचं ऐकतात.

घोडबंदरवासी
१४ मे, रात्री १०.३०

पेपर झाले, तळमजल्यावर, स्टुलासकट. पाचवा महिना सुरू आहे. सरळ धावणं चालू केलंय, सकाळी सोसायटीच्या रस्त्यावर. उजवी मांडी अजून बारीक दिसते, ताकद ७४ टक्के आली. ती नाराज आहे. संघाचं शिबिर सुरू झालंय, ती बाहेर बसून गुण लिहिते.

अस्थिमित्र
१५ मे, सकाळी ६.४५

एलईटी झालेल्यांत मांडी मागे राहते, घाबरू नका. ७४ वाईट नाही. एका पायाचे व्यायाम वाढवायला सांगा, दोन पायांवर केलं की चांगला पाय काम चोरून घेतो.

घोडबंदरवासी
२० ऑक्टोबर, रात्री ९.५०

दहा महिने झाले. ताकद ९३ टक्के, चार उड्यांपैकी तीन ९० च्या वर आणि एक ८८. फिजिओने ८८ साठी आणखी तीन आठवडे थांबवलं. मध्ये सातव्या महिन्यात मध्यरेषा घरी येऊन गेला, दोन तास बसला, स्वतःच्या गुडघ्यावरचे दोन्ही व्रण दाखवले. त्यानंतर तिने तारीख विचारणं बंद केलं.

आज कोचच्या परवानगीने पहिल्यांदा मॅटवर उतरली. वीस मिनिटं. चढाई नाही, पकड नाही, मध्यरेषेपासून बोनसरेषेपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. आधी डावीकडून, मग उजवीकडून. उजवीकडच्या पहिल्या वळणाला मी श्वास धरून उभा होतो. आवाज आला नाही.

आता बर्फ लावून बसलीय. उद्या सकाळी सूज बघायची आणि ताईंना फोटो पाठवायचा.

नेरूळची_फिजिओ
२० ऑक्टोबर, रात्री १०.०२

दोन्ही गुडघे एकाच फोटोत घ्या, शेजारी शेजारी.